मुलाला पहिल्यांदा कॅन्सर रुग्णालयात नेताना: आई-वडिलांनी काय तयारी करावी?

‘टाटाला दाखवून या.’ डॉक्टरांनी एवढे म्हटले की समोर बसलेल्या आई-वडिलांना त्यापुढचे काहीच ऐकू येत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यानंतर डॉक्टर दहा मिनिटे समजावून सांगतात, आई-वडील मान डोलावतात, आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना विचारतात, ‘काय म्हणाले?’

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करते. मुलांचा कॅन्सर माझ्यासारख्या डॉक्टरला फार कमी वेळा दिसतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका पेशंटच्या सहा वर्षांच्या मुलाच्या मानेत गाठ आली. जिल्ह्याच्या ठिकाणी गाठीचा तुकडा तपासला, रिपोर्टमध्ये लिम्फोमाची शंका होती. मी लगेच मुंबईसाठी चिठ्ठी लिहून दिली. पण बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक सोबत न्यायचे असतात, हे सांगायला मी विसरले. वडील रिपोर्टचा कागद घेऊन मुंबईला पोहोचले आणि ते आणायला पुन्हा रात्रभर प्रवास करून परत आले. चार दिवस वाया गेले.

दुसरी चूक घरच्यांकडून झाली, पण तिथेही त्यांना सांगणारे कोणी नव्हते. मुलाला ‘मुंबईला समुद्र बघायला जायचंय’ असे सांगून नेले होते. समुद्राऐवजी सुई पाहिल्यावर त्याने आईशी दोन दिवस बोलणे टाकले. पुढे कितीतरी आठवडे घरात कोणी ‘चल, बाहेर जाऊ’ म्हटले तरी तो पलंगाखाली जाऊन लपायचा.

तेव्हापासून मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी देताना मी सोबत आणखी एक कागद देते. हा लेख म्हणजे तोच कागद, जरा सविस्तर.

सगळ्यात आधी: शंका म्हणजे निदान नाही, आणि निदान म्हणजे शेवट नाही

कॅन्सर रुग्णालयात पाठवलेल्या प्रत्येक मुलाला कॅन्सरच असतो असे नाही. मानेतल्या गाठी क्षयरोगाच्याही असतात. रक्तातील पेशी कमी होण्याची इतरही कारणे असतात. खात्री करण्यासाठीच पाठवलेले असते.

निदान कॅन्सरचे निघाले तरी मोठ्यांचा कॅन्सर आणि मुलांचा कॅन्सर यांत खूप फरक आहे. मुलांमध्ये रक्ताचा कॅन्सर, मेंदूतील गाठी, लिम्फोमा, किडनीचा विल्म्स ट्यूमर, डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा आणि हाडांचे कॅन्सर हे प्रकार जास्त दिसतात. यातील बरेचसे केमोथेरपीला चांगला प्रतिसाद देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले आणि किशोरवयीन यांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातील ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण बरेच कमी आहे. त्याची कारणे म्हणजे उशिरा निदान, चुकीचे निदान, उपचार न मिळणे आणि सुरू केलेले उपचार मध्येच सोडून देणे.

या यादीतील शेवटचे कारण नीट वाचा. उपचार मध्येच सुटतात ते बहुतेकदा पैसे संपले, राहायला जागा नाही, घरी शेती आणि दुसरे मूल आहे म्हणून. यातील बऱ्याच अडचणींवर मदत मिळू शकते. ती पहिल्याच आठवड्यात मागायची असते, पैसे संपल्यावर नाही.

जाण्यापूर्वी काय करू नये?

आठ-दहा दिवसांनी तारीख मिळाली असेल तर मधल्या काळात घरचे काही ना काही करून पाहतात. पुढील गोष्टी टाळा.

- स्टिरॉइड देऊ नका. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारखी औषधे ताप, सूज किंवा सांधेदुखीसाठी सहज लिहिली जातात. रक्ताचा कॅन्सर आणि लिम्फोमा यांवर स्टिरॉइडचा परिणाम होतो. मुलाला दोन दिवस बरे वाटते, गाठ लहान होते, पण निदान चुकते किंवा लांबते. आधीच दिले गेले असेल तर लपवू नका. औषधाचे नाव आणि तारखा लिहून न्या.
- गाठ घाईने काढून टाकू नका. काही गाठींना आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया लागते. ऑपरेशन कोणते, कधी आणि कोणी करायचे हे मुलांच्या कॅन्सरच्या तज्ज्ञांना ठरवू द्या.
- आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन किंवा त्यांचे मिश्रण असलेली औषधे स्वतःहून देऊ नका. प्लेटलेट्स कमी असतील तर रक्तस्राव वाढू शकतो. दुखण्यासाठी काय द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. प्लेटलेट्स कमी असताना दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेणेही टाळा.
- झाडपाला, भस्म, मंतरलेले पाणी यांत दिवस घालवू नका. देवाला नवस बोलायला माझी हरकत नाही. तारीख पुढे ढकलायला आहे.
- नवीन लस विचारल्याशिवाय देऊ नका. गोवर-रुबेला, कांजिण्या, तोंडातून देण्याचा पोलिओ डोस या जिवंत लसी आहेत. लसीकरणाचे कार्ड सोबत न्या आणि तिथे विचारा.

तारखेची वाट न पाहता लगेच दवाखान्यात केव्हा जायचे?

पुढीलपैकी काहीही दिसले तर जवळच्या, मुलांचा वॉर्ड असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी जा. आधीचे रिपोर्ट सोबत ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

- १००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप
- नाकातून, हिरड्यांतून न थांबणारे रक्त, काळी शी, अंगावर लाल-जांभळे ठिपके. वयात आलेल्या मुलीला पाळीत खूप जास्त रक्तस्राव
- दम लागणे, आडवे झोपता न येणे, चेहरा किंवा मान सुजणे
- सकाळी डोके दुखून उलट्या होणे, झटके येणे, गुंगी
- पाय अचानक लुळे पडणे, लघवी किंवा शी यावरचा ताबा जाणे
- लघवी खूप कमी होणे

हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट्स फार कमी असतील तर लांबच्या प्रवासापूर्वी तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ‘बसने, रेल्वेने नेले तर चालेल का? निघण्यापूर्वी रक्त किंवा प्लेटलेट्स द्यायला हव्यात का?’ कधी कधी एक दिवस थांबून रक्त देऊन निघणे अधिक सुरक्षित असते.

कोणती कागदपत्रे न्यायची?

एक जाड प्लास्टिकची फाईल घ्या. सर्वात जुना कागद खाली, सर्वात नवा वर. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरातील आणखी एका व्यक्तीला पाठवून ठेवा.

*वैद्यकीय कागद*

- डॉक्टरांची चिठ्ठी. त्यात त्रास कधी सुरू झाला, काय तपासले, काय औषध दिले हे असावे. नुसते ‘पुढील उपचारांसाठी’ एवढेच लिहिले असेल तर डॉक्टरांना सविस्तर लिहायला सांगा. त्यात संकोच नको.
- रक्ताचे सर्व रिपोर्ट, तारखेनुसार
- सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यांचा रिपोर्ट आणि त्याची सीडी किंवा फिल्म. नुसता रिपोर्ट पुरत नाही, तिथल्या तज्ज्ञांना प्रतिमा स्वतः पाहायच्या असतात.
- सुईने गाठ तपासली असेल तर काचपट्ट्या, तुकडा काढला असेल तर काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक. हे लॅबकडून लेखी अर्ज करून मागावे लागतात. एक-दोन दिवस लागू शकतात, म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी जाऊ नका. काचपट्ट्या टिश्यूत गुंडाळून कडक डब्यात ठेवा. ब्लॉक उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नका, मेण वितळते.
- लसीकरणाचे कार्ड
- सध्या चालू असलेल्या औषधांची यादी, ॲलर्जी असल्यास तिची नोंद

*ओळखीचे आणि योजनांचे कागद*

- मुलाचे आणि आई-वडिलांचे आधार कार्ड, मुलाचा जन्मदाखला
- रेशन कार्ड. मुलाचे नाव त्यात आहे का ते आजच पाहा. अनेक घरांत धाकट्याचे नाव घालायचे राहिलेले असते आणि योजनेचे काम तिथेच अडते.
- उत्पन्नाचा दाखला, आयुष्मान कार्ड किंवा आरोग्य विमा असल्यास त्याचे कागद
- प्रत्येकाच्या पाच-सहा झेरॉक्स आणि मुलाचे पासपोर्ट आकाराचे फोटो

सर्व कागदांवर मुलाचे नाव एकसारखे असावे. एका रिपोर्टवर ‘सोनू’ आणि आधारवर वेगळे नाव असेल तर तिथे गोंधळ होतो.

मुलाला काय सांगायचे?

‘लहान आहे, त्याला काय कळतंय?’ असे आपण म्हणतो. मुलाला आजाराचे नाव कळत नसेल, पण आई मोरीत जाऊन रडते हे कळते. मोठी माणसे आपल्याला पाहून बोलायचे थांबतात हेही कळते. काहीच सांगितले नाही तर मूल स्वतःच कारण शोधते, आणि ते बहुतेक वेळा ‘मी काहीतरी वाईट केले’ असे असते.

तीन गोष्टी कोणत्याही वयाच्या मुलाला सांगाव्यात:

१. हे तुझ्या कोणत्याही चुकीमुळे झालेले नाही.
२. हे एकाचे दुसऱ्याला लागत नाही. तू आईच्या कुशीत झोपू शकतोस.
३. आई किंवा बाबा कोणीतरी तुझ्याजवळ असेल.

तीन वर्षांपर्यंत: फार समजावण्याची गरज नाही. मुलाची नेहमीची चादर, बाहुली, दुधाचा पेला सोबत ठेवा. या वयात मुलाला भीती असते ती आईपासून दूर होण्याची.

चार ते सात वर्षे: आदल्या दिवशी, थोडक्यात सांगा. ‘तुझ्या गळ्यात गाठ आली आहे ना, ती कशाची आहे ते बघायला आपण मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जाणार आहोत. तिथे खूप मुलं असतील. काहींच्या डोक्यावर केस नसतील. ते औषधामुळे गेलेले असतात, औषध संपलं की पुन्हा येतात.’ शेवटचा भाग जरूर सांगा. वेटिंग हॉलमध्ये पाऊल टाकताच मुलाला दिसते ते हेच.

आठ ते बारा वर्षे: तीन-चार दिवस आधी सांगा. ही मुले नेमके प्रश्न विचारतात: किती दिवस? शाळेचं काय? दुखेल का? माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, आपण डॉक्टरांना विचारू’ असे म्हणा. प्रश्न एका वहीत त्यालाच लिहू द्या.

तेरा वर्षांपुढे: मोबाइल त्यांच्याही हातात आहे. तुम्ही सांगितले नाही तर ते रिपोर्टमधला शब्द शोधून वाचतील, तेही एकटे. आजाराचे नाव लपवू नका. तपासणीच्या वेळी पडदा, बाई डॉक्टर, थोडा वेळ डॉक्टरांशी एकट्याने बोलणे अशा गोष्टी हव्या आहेत का ते विचारा.

‘सुई टोचणार नाहीत’ असे कधीही सांगू नका. पहिल्याच दिवशी रक्त घेतले जाण्याची दाट शक्यता असते. ‘टोचेल, दहा आकडे मोजेपर्यंत दुखेल, मग थांबेल, मी हात धरून असेन,’ असे म्हणा. ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर इंजेक्शन देतील’ ही धमकी आजपासून बंद करा. ज्या माणसाच्या मदतीवर आपल्याला महिनोन् महिने विसंबून राहायचे आहे, त्याचीच भीती आपण घालत असतो.

एकदा तुमच्या शब्दावर विश्वास बसला की पुढची शंभर इंजेक्शने सोपी जातात. विश्वास उडाला की प्रत्येक इंजेक्शन पहिलेच ठरते.

मुलाने विचारले, ‘मी मरणार का?’ तर दचकून ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. आधी विचारा, ‘तुला असं का वाटलं?’ मग जे खरे आहे ते सांगा: ‘हा आजार मोठा आहे, म्हणूनच आपण एवढ्या मोठ्या दवाखान्यात आलो आहोत. तुला बरं करण्यासाठी डॉक्टर आणि आम्ही सगळं करणार आहोत.’

पहिल्या दिवशी काय काय होते?

प्रत्येक रुग्णालयाची पद्धत वेगळी असली तरी साधारण क्रम असा असतो.

नोंदणी: नाव नोंदवून फाईल आणि क्रमांक मिळतो. हा क्रमांक पाठ करा, पुढे प्रत्येक खिडकीवर तोच विचारतात. काही रुग्णालयांत जनरल आणि प्रायव्हेट असे दोन प्रकार असतात आणि त्यांचे दर वेगवेगळे असतात. आपली परिस्थिती पाहून, दोन्हींतला फरक नीट विचारून मगच निवडा.

पहिली तपासणी: डॉक्टर सुरुवातीपासूनची हकीकत विचारतात. ताप कधीपासून, वजन किती उतरले, गाठ कधी दिसली. तारखा घरीच लिहून ठेवा.

पुढील तपासण्यांच्या चिठ्ठ्या: रक्त, एक्स-रे, स्कॅन, काचपट्ट्यांची फेरतपासणी. काही त्याच दिवशी होतात, काहींना तारखा मिळतात.

पहिल्याच दिवशी उपचार सुरू होतील अशी अपेक्षा ठेवू नका. कॅन्सर कोणत्या प्रकारचा आहे आणि कुठवर पसरला आहे हे कळल्याशिवाय औषध ठरवता येत नाही. यात काही दिवस जातात. हे दिवस जीवघेणे वाटतात, पण ते वाया जात नाहीत. मुलाची प्रकृती गंभीर असेल तर डॉक्टर क्रमाची वाट न पाहता दाखल करून घेतात.

म्हणून एका दिवसाच्या नव्हे, किमान दहा-पंधरा दिवस राहण्याच्या तयारीने निघा. शक्यतो दोन मोठी माणसे असावीत. एक मुलाजवळ बसेल, दुसरे रांगेत उभे राहील.

तपासण्या मुलाला कशा समजावाल?

रक्त तपासणी: हाताच्या शिरेतून रक्त घेतात. टोचण्याच्या सुमारे तासभर आधी लावायचे बधिर करणारे मलम मिळते. ते वापरता येईल का ते विचारा. मुलाला मांडीवर घेऊन बसा. चौघांनी दाबून धरण्यापेक्षा हे बरे. फुंकर घालायला, साबणाचे फुगे उडवायला सांगितले तर लक्ष दुसरीकडे जाते.

सीटी, एमआरआय: ‘मोठा गोल कॅमेरा. आत पुतळ्यासारखं पडून राहायचं.’ एमआरआयचा ठकठक आवाज मोठा असतो, तो आधीच तोंडाने करून दाखवा.

बोन मॅरो तपासणी: कमरेच्या हाडातून सुईने थोडा मगज घेतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये ही तपासणी महत्त्वाची असते.

पाठीतील पाणी काढणे: मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात आजार आहे का ते पाहतात. या सुईने लकवा होतो अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती खरी नाही. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खालच्या बाजूला घालतात.

बायोप्सी: गाठीचा छोटा तुकडा काढतात. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीतीही अनेकांना असते. तज्ज्ञांनी योग्य पद्धतीने केलेल्या बायोप्सीची काळजी करू नका. तिच्याशिवाय निदान होत नाही.

यातील काही तपासण्या गुंगी किंवा भूल देऊन करतात. त्यासाठी पोट रिकामे लागते. साधारणपणे जेवण ६ तास आधी, आईचे दूध ४ तास आधी आणि साधे पाणी २ तास आधी थांबवतात. पण तुम्हाला रुग्णालयाने दिलेली वेळच पाळा. आजीने प्रेमाने भरवलेल्या एका बिस्किटामुळे तपासणी रद्द होऊ शकते, आणि ते बिस्किट लपवले तर भुलेखाली उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मुलाने काही खाल्ले असेल तर सांगून टाका.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

वही-पेन घेऊन बसा. डॉक्टरांची हरकत नसेल तर बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करा.

- आजाराचे नेमके नाव काय? ते कागदावर लिहून द्याल का?
- तो कुठे कुठे आहे? अजून कोणत्या तपासण्या बाकी आहेत?
- बरे करणे हा उपचारांचा उद्देश आहे का? शक्यता किती?
- एकूण किती महिने? त्यातील किती काळ इथेच राहावे लागेल? काही भाग आमच्या गावाजवळ होईल का?
- साधारण खर्च किती, आणि कोणत्या योजनेत बसतो?
- घरी असताना ताप आला तर कोणाला, कोणत्या नंबरवर फोन करायचा?
- पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होईल का? काही जपून ठेवता येते का? वयात आलेल्या मुला-मुलींच्या बाबतीत हा प्रश्न केमोथेरपी सुरू होण्याआधी विचारावा लागतो. संकोचामुळे तो राहून जातो.

उपचारांचा काळ ऐकून धक्का बसू नये म्हणून एक उदाहरण सांगते. मुलांमधील सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कॅन्सर म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. त्यातील सुरुवातीचे महिने कडक असतात. नंतरच्या टप्प्यात अनेक मुले तोंडाने गोळ्या घेत शाळेतही जातात.

पैसे, प्रवास आणि राहण्याची सोय

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. ‘टाटाला सगळे फुकट असते’ हा समज बरोबर नाही. खर्च येतो, पण मदतीचे मार्गही आहेत. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल केंद्राचेच ॲक्ट्रेक आहे. परळलाच मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. विदर्भातील कुटुंबांना नागपूर, सोलापूर-धाराशिवकडच्यांना बार्शी येथे कॅन्सर रुग्णालये आहेत. तुमच्या मुलाच्या आजारासाठी कोणते योग्य, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

- वैद्यकीय समाजसेवा विभाग: पहिल्याच दिवशी याची खोली शोधा. योजना, ट्रस्ट, मुक्काम यांची माहिती इथे मिळते. मदत मागण्यात कमीपणा नाही, त्यांचे ते कामच आहे.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत: वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण. योजनेतील रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ असतात, त्यांना भेटा.
- संस्था: टाटा रुग्णालयातील मुलांसाठी काम करणारी ‘इम्पॅक्ट’, कॅन्सरग्रस्त मुलांना आई-वडिलांसह विनामूल्य राहायला जागा देणारी ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’, ‘कॅनकिड्स’. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथेही बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. जागा मर्यादित असतात आणि रुग्णालयाचे पत्र लागते, म्हणून पहिल्याच दिवशी विचारा.
- रेल्वे सवलत: कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते, म्हणून ती बहुतेकदा परतीच्या प्रवासापासून मिळते. परतण्यापूर्वी फॉर्म भरून घ्यायला विसरू नका.

रुग्णालयाबाहेर ‘लवकर नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. पैसे फक्त अधिकृत खिडकीवर भरा आणि पावती घ्या.

बॅगेत काय ठेवाल?

थर्मामीटर, सॅनिटायझर, मास्क, पाण्याची बाटली, घरचा सुका खाऊ, पुढून बटणांचे सैल कपडे, स्वेटर (स्कॅनच्या खोल्यांत गारवा असतो), चादर, चार्जर, आवडते खेळणे, चित्रांची वही. आणि स्वतःसाठी चपलांचा आरामशीर जोड. दिवसभर खूप चालणे होते.

घरी राहिलेली भावंडे आणि नातेवाईक

घरी आजीकडे ठेवलेल्या भावंडालाही खरे सांगा. ‘दादा आजारी आहे, ते तुझ्या भांडणामुळे नाही. तुलाही तसं होईल असं नाही.’ रोज ठरावीक वेळी फोन करा आणि त्या वेळी फक्त त्याच्याशी बोला.

शाळेला कळवा. मुलाचे नाव पटावरून कमी करू नका.

नातेवाईकांचे फोन दिवसभर येतात. एका काका-मामांना जबाबदारी द्या, बाकीच्यांना तेच निरोप देतील. ज्यांना खरेच काही करायचे आहे त्यांना रक्तदानाची तयारी ठेवायला सांगा. प्लेटलेट्स साधारण ५ दिवसच टिकतात, त्यामुळे त्या पुन्हा पुन्हा लागतात. दाते कसे आणि केव्हा पाठवायचे हे रुग्णालयाच्या रक्तपेढीला विचारा.

‘आईच्या दुधात दोष होता’, ‘गरोदरपणात ग्रहण पाहिलं’ असे कोणी बोलले तर ते तिथेच थांबवणे हे वडिलांचे काम आहे. मुलांच्या बहुतेक कॅन्सरना आई-वडिलांची कोणतीही चूक कारणीभूत नसते.

शेवटी

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाचे उपचार पूर्ण झाले. मागच्या पावसाळ्यात तो खोकल्यासाठी माझ्याकडे आला होता, आता माझ्या खांद्याला लागतो. तपासून झाल्यावर मी म्हटले, ‘इंजेक्शन नको, गोळ्या देते.’ त्याने आईकडे पाहिले आणि विचारले, ‘खरंच?’ आईने मान हलवल्यावरच तो टेबलावरून उतरला.

निघण्यापूर्वी या पाच गोष्टी पुन्हा तपासा: काचपट्ट्या आणि ब्लॉक, स्कॅनची सीडी, रेशन कार्डावर मुलाचे नाव, दहा-पंधरा दिवसांची तयारी, आणि मुलाशी झालेले खरे बोलणे.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाच्या तपासण्या आणि उपचारांबाबतचे निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. योजना आणि सवलतींचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वेळी रुग्णालयात खात्री करून घ्या.*